दक्षिणेचं ऊन

२८ डिसेंबर २००५ रोजी दुपारी आम्ही तिघी प्राग शहराच्या जुन्या भागात रस्ता चुकलो. तिघी म्हणजे मी, माझी आठ वर्षांची मुलगी आणि माझी आई. आई तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. रस्त्यावर घोट्याच्या वर बर्फ होता. बारा वाजून गेल्यावर आम्ही चौकातून निघालो आणि पावणेदोनला घरी पोचलो. एरवी हे अंतर पंचवीस मिनिटांचं होतं. रस्ता मी चुकवला होता. तो आईने शोधला.

त्याआधीचे सात महिने आमच्या घरात याच्या उलट गोष्ट खरी मानली जात होती. रस्ता आई चुकते आणि शोधायचं काम आमचं, असं आम्ही धरून चाललो होतो.

आमचं घर ऑकलंडच्या दक्षिणेला, मनुरेवामध्ये. मी आणि नवरा २००१ साली पुण्याहून तिथे गेलो. नवरा इंजिनियर, ईस्ट टामाकीतल्या एका कारखान्यात पॅकिंगच्या यंत्रांचं काम बघायचा. मी पुण्याला एका दैनिकात नऊ वर्षं उपसंपादक होते. मनुरेवाला आल्यावर एका गोदामाच्या ऑफिसात नोकरी धरली. कुठला माल कुठल्या ट्रकमध्ये गेला याचे कागद बघायचे. वडील २००४ च्या पावसाळ्यात गेले आणि ऑक्टोबरमध्ये आई आमच्याकडे राहायला आली.

आईने तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शिकवलं. बहुतेक काळ चौथीचा वर्ग. बदल्या होत राहिल्या, आणि त्या काळात एसटी उतरल्यावर शाळेपर्यंत चार-पाच किलोमीटर चालणं हे नोकरीतच धरलेलं होतं. पायवाटा दर पावसाळ्यात बदलायच्या. ती उन्हाकडे बघून चालायची. त्यामुळे तिच्या बोलण्यात डावं-उजवं जवळजवळ नव्हतंच. "पूर्वेच्या कपाटात वरच्या फळीवर बघ," असं ती सांगायची. जेवायला बसताना नातीचं ताट दक्षिणेकडे तोंड करून ठेवलेलं दिसलं तर उचलून फिरवायची. मनुरेवाच्या घरात पाऊल टाकल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "पूर्व कुठली?" मी गॅरेजच्या बाजूला बोट दाखवलं. ते बरोबर होतं. देवांचा फोटो त्याप्रमाणे लागला.

पहिला उन्हाळा नीट गेला. ती एकटी फिरायची. वाचनालयात, भाजीच्या दुकानात, आणि आमच्या गल्लीच्या टोकापलीकडे डेअरीत. डेअरी म्हणजे तिथलं कोपऱ्यावरचं दुकान. दूध, पाव, वर्तमानपत्र मिळतं. दुकानदार गुजराती होता. त्याच्याशी ती हिंदीत बोलायची आणि मुलीसाठी रोज एक गोळी घेऊन यायची.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी ती दूध आणायला गेली आणि परत आली नाही. डेअरी घराच्या दक्षिणेला साधारण अर्धा किलोमीटर होती. नेहमीचा रस्ता पाइप घालण्यासाठी खणला होता, म्हणून ती निघताना मागच्या गल्लीतून वळून गेली. दुकानातून सव्वाबाराला बाहेर पडली. हे दुकानदाराने नंतर सांगितलं. तीन वाजून वीस मिनिटांनी मला ऑफिसात फोन आला. आई पुढच्या उपनगरात, टाकानिनीला, एका घराच्या ओट्यावर बसलेली होती. घराच्या मालकीणबाई माओरी होत्या. वाळत घातलेले कपडे काढायला बाहेर आल्या तेव्हा त्यांना ही कुंपणापाशी दुधाची बाटली घेऊन उभी दिसली. आईच्या पर्समधल्या चिठ्ठीवर माझा नंबर होता.

मी पोचले तेव्हा आईच्या हातात चहाचा मग होता आणि खांद्यावर त्या बाईंचं जाकीट होतं. बाई त्यांच्या भाषेत "किआ ओरा", म्हणजे नमस्कार, म्हणाल्या आणि मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, तुझी आई सारखी सांगते आहे की ती नॉर्थला चालली आहे. मी मान हलवली. टाकानिनी मनुरेवाच्या दक्षिणेला आहे.

गाडीत आई एवढंच म्हणाली, "दूध नासलं असेल."

त्या आठवड्यात नवरा आणि मी बसून एक यादी केली. डॉक्टरला सांगायला काहीतरी ठोस हवं होतं. यादी माझ्या अक्षरात आहे आणि अजून माझ्याकडे आहे. एकदा दुधाची बाटली कपाटात ठेवली. नातीला माझ्या नावाने हाक मारते. गॅस बंद केला का, असं दोनदा विचारते. टाकानिनीची घटना, वेळेसह. आणि या सगळ्याच्या मध्ये, तिसऱ्या ओळीत: 'ऊन उलटं चालतं असं म्हणते.' हे वाक्य तिने एप्रिलपासून तीन-चारदा म्हटलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून भाजी निवडताना म्हणायची, "तुमच्याकडचं ऊन उलटं चालतं गं." मी "हं" म्हणायचे. यादीत मात्र ते लिहिलं.

आमच्या जीपींनी, म्हणजे दवाखान्यातल्या नेहमीच्या डॉक्टरांनी, यादी वाचली आणि आईला काही प्रश्न विचारले. वार, तारीख, गाव. ऋतू कोणता, यावर आई थोडं थांबून "समर" म्हणाली. बाहेर थंडी होती आणि तिने दोन स्वेटर घातले होते. जीपींनी कागदावर खूण केली. इस्पितळात स्मरणशक्ती तपासणाऱ्या विभागाकडे चिठ्ठी गेली. गर्दी होती, पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीतली तारीख मिळाली.

त्या रात्री पुण्याहून भावाचा फोन आला. तो म्हणाला, "रिपोर्ट वाईट आला तर तिला इकडे पाठव. आमच्याकडे दिवसभर बाई असते. तू काय, नोकरी सोडणार आहेस?" मी म्हटलं, फेब्रुवारीत बघू. आई त्याच खोलीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तिच्याजवळची घराची किल्ली माझ्या डब्याशेजारी ठेवली.

"ही कशाला?"

"माझ्याकडे राहिली तर मी बाहेर पडेन. ठेव तुझ्याकडे."

त्यानंतर ती एकटी बाहेर पडली नाही. जून ते डिसेंबर. डेअरीतली गोळी बंद झाली. मुलीने एकदा विचारलं, "व्हाय डझंट आजी गो आउट एनीमोर?" मी सांगितलं, आजी दमली आहे. आई म्हणाली, "दमले नाही. मला बंदी आहे." मुलगी हसली. तिला तो विनोद वाटला.

प्रागला जाण्याचं ठरलं ते नवऱ्याच्या कामामुळे. त्याची कंपनी तिकडच्या एका कारखान्याकडून यंत्र विकत घेत होती आणि चाचणीसाठी त्याला डिसेंबरभर तिथे राहायचं होतं. नाताळाच्या सुमारापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत न्यूझीलंडमध्ये कारखाने बंदच असतात, शाळेलाही सुट्टी. मी आणि मुलीने तिकडे जायचं असा बेत झाला. आईला एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून तिचंही तिकीट काढलं. ती युरोपात गेली ती आमच्या भीतीमुळे.

डिसेंबर म्हणजे ऑकलंडमध्ये उन्हाळा. दुकानांत पोहण्याचे टॉग्ज आणि जँडल, म्हणजे रबरी चपला, यांचे ढीग होते. लोकरीचा कपडा औषधाला नव्हता. शेवटी जुन्या कपड्यांच्या दुकानात तिघींना जाकिटं मिळाली. आईचं जाकीट कुणा मच्छीमाराचं असावं. खिशात दोरीचा तुकडा निघाला. ती नऊवार नेसत नसे, पाचवारीच. त्या साडीच्या आत तिने नवऱ्याच्या दोन ट्रॅकपँट घातल्या. जावयाला म्हणाली, "तुमच्या विजारी मला तुमच्यापेक्षा बऱ्या बसतात."

"ठेवा मग तुम्हालाच," तो म्हणाला.

प्रागला पोचलो त्या दिवशी नुसता गारठा होता. बर्फ चोवीस तारखेला दुपारी सुरू झाला. आम्ही राहत होतो ती खोली चौथ्या मजल्यावर होती, नदीपासून दोन गल्ल्या आत. खाली ट्रामचा थांबा आणि एक औषधांचं दुकान. मुलगी खिडकीतून ओरडली आणि आम्ही सगळे खाली गेलो. आईने काळी शाल हातावर पसरून धरली. पडलेला एक कण तिने चष्मा वर करून, डोळ्याजवळ नेऊन पाहिला. मग दुसरा पाहिला.

"सहा टोकं आहेत," ती म्हणाली. "तेहतीस वर्षं मुलांना सांगितलं. खरं निघालं."

"यू डिडन्ट नो?" मुलीने विचारलं.

"पुस्तकात होतं. पुस्तकात पुष्कळ असतं."

पुढचे तीन दिवस बर्फ पडतच होता. आम्ही ट्रामने फिरलो, एका चर्चमध्ये बाजा ऐकला, पुलावरचे पुतळे पाहिले. सगळ्यांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या चढल्या होत्या. आई माझ्या दंडाला धरून चालायची. घसरण्याची भीती हे कारण खरं होतं. दुसरं कारण आम्ही दोघीही बोलत नव्हतो.

अठ्ठावीस तारखेला नवरा पहाटेच कारखान्यात गेला. आमचा शहराचा नकाशा त्याच्या बॅगेत राहिला. हे माझ्या लक्षात अकरा वाजता आलं, पण रस्ता रोजचाच होता. जुन्या चौकात टाउन हॉलच्या भिंतीवर कित्येक शतकांचं घड्याळ आहे; तास झाला की वरच्या दोन खिडक्यांतून लाकडी संत फिरतात. मुलीला बाराचे ठोके बघायचे होते. जाताना आम्ही ट्रामने गेलो.

चौकात असतानाच बर्फ थांबला. ढग फाटले आणि ऊन आलं, चार दिवसांत पहिल्यांदा. बाराचे ठोके पडले, संत फिरले, वर घड्याळातला एक कोंबडा केविलवाणा ओरडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई घड्याळाकडे बघत नव्हती. हाताने डोळ्यांवर सावली धरून ती छपरांच्या वर बघत होती. सूर्य अगदी खाली, धुराड्यांच्या जरासा वर होता.

"बारा वाजता एवढासाच वर येतो?" ती म्हणाली.

"हिवाळा आहे आई."

ट्रामच्या थांब्यावर गर्दी होती आणि रुळांवरचा बर्फ काढत होते. ट्राम कधी येईल ते कळेना. मी म्हटलं, चालत जाऊ. मुलीने विचारलं, डू यू नो द वे? मला घर चौकाच्या दक्षिणेला आहे हे नक्की माहीत होतं. नकाशावर मी रोज पाहिलं होतं. मी सांगितलं, "सोपं आहे. घर दक्षिणेला. ऊन पाठीवर ठेवायचं आणि सरळ चालायचं."

हे मी विचार न करता म्हटलं. ऑकलंडमध्ये घर बघायला गेलं की दलाल पहिलं वाक्य बोलतो ते नॉर्थ-फेसिंगचं. उत्तरेकडे तोंड असलेल्या घराला दिवसभर ऊन मिळतं, भिंतींना बुरशी धरत नाही. कपडे वाळत घालायची दोरी उत्तरेला. टोमॅटो उत्तरेला. चार वर्षांत ते अंगात मुरलं होतं. ऊन जिकडे, उत्तर तिकडे.

आम्ही ऊन पाठीवर घेतलं. रस्ता रुंद होता, दुतर्फा झाडं, दुकानं महागाची. चालताना आईने दोनदा मागे वळून पाहिलं. पंधरा मिनिटांत नदी आली. मला घराजवळची नदीच वाटली, पण पूल ओळखीचा नव्हता. मी हिशेब केला की आपण घर ओलांडून पुढे आलो आहोत. तेव्हा आता उजवीकडे वळून काठाने मागे जायला हवं. उजवीकडे वळलो. काठावर वाऱ्याने बर्फाचे ढीग केले होते. मुलीच्या बुटात पाणी शिरलं. आणखी वीस मिनिटं गेली. इमारती साध्या होत गेल्या, दुकानं संपली.

"ममी, वी आर सो लॉस्ट," मुलगी म्हणाली.

"नाही. पाच मिनिटं."

आई थांबली. माझा दंड सोडून ती एका दिव्याच्या खांबाशी उभी राहिली.

"मी पुढे येणार नाही," ती म्हणाली.

मे महिन्यापासून तिने कशालाच नाही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, आई, थंडी आहे, इथे थांबता येणार नाही.

"घर कुठल्या दिशेला म्हणालीस?"

"दक्षिणेला."

"मग उत्तरेला कशाला चाललीस? आणि आता ही पूर्व धरलीस."

"ऊन उत्तरेला असतं, आई."

"कोणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात. सगळ्यांना माहीत आहे. आपल्या घराला दुपारी ऊन कुठून येतं? उत्तरेकडून."

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "हे मनुरेवा आहे का?"

खांबाची सावली बर्फावर निळी पडली होती, खांबापेक्षा कितीतरी लांब. आईने जाकिटातून हात बाहेर काढला आणि सावलीच्या टोकाकडे बोट केलं. "ही उत्तर. दुपार आहे, हिवाळा आहे, आपण पृथ्वीच्या वरच्या अंगाला आहोत. सूर्य दक्षिणेला. चौथीच्या मुलालाही येतं." मग नातीला म्हणाली, "चल गं. तुझ्या आईला मागून येऊ दे."

ती पुढे चालली. मुलीने तिचा हात धरला. कोण कुणाला सावरत होतं ते सांगता येणार नाही. ऊन तोंडावर घेऊन आम्ही नदीकडे पाठ केली. गल्ल्या अरुंद झाल्या तसं ऊन दिसेनासं झालं. एका तिठ्यावर आई थांबली आणि समोरासमोरच्या दोन छपरांकडे पाहिलं. एका छपराच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं. दुसऱ्यावरचा बर्फ कोरडा होता. "ठिबकतंय ते छप्पर दक्षिणेला तोंड करून आहे," तिने सांगितलं आणि त्याप्रमाणे वळली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बर्फ तिने आयुष्यात पहिल्यांदा चार दिवसांपूर्वी पाहिला होता.

आणखी दोन चौक गेल्यावर ती मागे न बघता म्हणाली, "तिथे ऊन उत्तरेला असतं, हे तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"आलो तेव्हापासून. चार वर्षं."

"आणि मी उलटं चालतं म्हणायचे तेव्हा?"

"माझ्या लक्षात आलं नाही."

"मला कोणी सांगितलं नाही," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. थोडं चालल्यावर ती पुन्हा बोलली. "मी त्या दिवशी दूध घेतलं. ऊन पाठीवर घेतलं, उत्तरेला निघाले. घर येईना. मला वाटलं, मीच..."

"आजी, व्हॉट हॅपन्ड?" मुलीने विचारलं.

"काही नाही. तुझी आई इथे चुकली तशी मी तिथे चुकले. फक्त मला डॉक्टरकडे नेलं."

मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "डझ दॅट मीन ममी हॅज टु गो टु द डॉक्टर?"

"बघू," आई म्हणाली. "आधी तिची यादी करू."

एक वाजून गेला होता. ऊन हळूहळू उजव्या गालावर आलं तरी ती सरळच चालत राहिली. "इथे ते बरोबर चालतं. डावीकडून उजवीकडे," ती स्वतःशी म्हणाली. पावणेदोनला समोर ट्रामचा थांबा दिसला आणि त्यामागे औषधांचं दुकान. आई चार मजले न थांबता चढली आणि तिने कालचा भात फोडणीला टाकला.

संध्याकाळी नवरा आला. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने जेवणाच्या ताटावर एक संत्रं ठेवलं, टेबलावरचा दिवा सूर्य म्हणून धरला आणि संत्र्याच्या खालच्या अंगाला पेनाने एक माणूस काढला. संत्रं फिरवलं. खालच्या माणसाला दिवा उजवीकडून डावीकडे जाताना दिसत होता.

"म्हणजे आई बरोबर बोलत होत्या," तो म्हणाला. "तिकडे खरंच उलटं चालतं."

"ऋतू उलटे ते पुस्तकात होतं," आई म्हणाली. "हे नव्हतं." तिने संत्रं सोलून नातीला दिलं.

आम्ही जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मनुरेवाला परतलो. मी यादी काढली. पत्रकार म्हणून नऊ वर्षांत मी दुसऱ्यांच्या बातम्यांतली किती विधानं 'खात्री केली का' असं समासात लिहून परत पाठवली होती, त्याची मोजदाद नाही. ही यादी मी खात्री न करता डॉक्टरला दिली होती. आता एकेक ओळ पाहिली. दूध कपाटात: झालं होतं, एकदा. नातीला माझ्या नावाने हाक: मीही मुलीला कधी कधी भाचीच्या नावाने हाक मारते. गॅसबद्दल दोनदा विचारणं: खरं. टाकानिनी: कारण मिळालं. तिसऱ्या ओळीसमोर मी लिहिलं, 'विधान बरोबर आहे.' ती प्रत घेऊन जीपींकडे गेले. त्यांनी वाचलं, खुर्ची फिरवून खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाल्या की त्या स्वतः इंग्लंडहून आल्या तेव्हा पहिलं वर्षभर उन्हाकडे बघून गाडी चुकीच्या दिशेला वळवायच्या. त्यांनी कागद फाइलला लावला. फेब्रुवारीची तपासणी मात्र रद्द करू नका, असंही सांगितलं. एका स्पष्टीकरणाने सगळं स्पष्ट होतंच असं नाही. ते योग्य होतं.

सुट्टीचे दिवस होते. मागच्या अंगणात आईने नातीकडून झाडूचा दांडा रोवून घेतला. दर अर्ध्या तासाला सावलीच्या टोकाशी एक खडा. दुपारी दीडच्या सुमाराला सावली सगळ्यात आखूड झाली आणि दक्षिणेकडे, शेजाऱ्याच्या कुंपणाकडे पडली. खडे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सरकत गेले होते. आईने वहीत आकृती काढली. नातीने खाली इंग्रजीत 'आजीज क्लॉक' लिहिलं. मग दोघी डेअरीत गेल्या. आई पुढे, दहा पावलं मागे मुलगी. काही चुकलं तर बोलायचं, नाहीतर गप्प राहायचं, असं ठरलं होतं. मुलीला बोलावं लागलं नाही. तिने येऊन सांगितलं, "शी वॉज स्वीट अ‍ॅज."

"म्हणजे काय?" आईने विचारलं.

"पास झालीस," मी म्हटलं.

इस्पितळातली तपासणी फेब्रुवारीत झाली. दुभाषी म्हणून एक मराठी नर्स होत्या, मुळच्या सांगलीच्या. तास-सव्वा तास चाललं. मला बाहेर बसवलं होतं. आत काय झालं ते नर्सनी नंतर सांगितलं. घड्याळ काढा म्हटल्यावर आईने काढलं. तीन शब्द लक्षात ठेवायला दिले, त्यातले तिला दोन आठवले. ऋतू कोणता, असं विचारल्यावर ती म्हणाली, "पंचांगात शिशिर. बाहेर उन्हाळा. तुम्हाला कुठला हवा?" डॉक्टरांना ते भाषांतर करून सांगितल्यावर त्यांनी पूर्ण गुण दिले.

अहवाल दोन आठवड्यांनी टपालाने आला. त्यात लिहिलं होतं की स्मरणात वयानुसार थोडा फरक आहे, आजाराची लक्षणं आढळली नाहीत, वर्षाने पुन्हा पाहावं. मी तो भावाला फोनवर वाचून दाखवला. तो म्हणाला, "वर्षाने पुन्हा म्हणतायत ना? मग वर्षभर तर राहू दे." आईने माझ्या हातातून फोन घेतला. "मला विचारशील का?" ती म्हणाली. त्याने विचारलं असावं. "राहते," ती म्हणाली आणि फोन परत दिला.

त्याच रात्री मी किल्ली तिच्या पानांच्या डब्याशेजारी ठेवली. सकाळी ती तिथे नव्हती.

तिला ट्रेनने ऑकलंडच्या मध्यभागी, ब्रिटोमार्ट स्टेशनपर्यंत जाऊन यायचं होतं. एकटीने. नवरा म्हणाला, "पहिल्यांदा मी येतो आई, मागच्या डब्यात बसतो." ती म्हणाली, "तुम्ही मागच्या डब्यात बसलात तर मी पुढच्या स्टेशनात उतरेन." तिने कागदावर वेळा लिहून घेतल्या. स्टेशनवरून घराकडे येताना सकाळी ऊन कुठे हवं आणि दुपारी कुठे, याच्या दोन छोट्या आकृत्या काढल्या. मी माझा जुना मोबाइल द्यायला गेले, तर म्हणाली, नंबर पर्समध्ये आहे. टाकानिनीच्या बाईंचाही आहे.

२ मार्च २००६, गुरुवार. मी सकाळी सव्वासातला ऑफिसात गेले. साडेनऊला घरी फोन केला. आईने उचलला, म्हणाली, केस विंचरते आहे. साडेदहाला केला, कुणी उचलला नाही. बारा, साडेबारा, एक. कुणी उचलला नाही. दीड वाजता मी दोन ट्रकचे कागद आपसांत बदलले आणि ते पुन्हा नीट लावावे लागले. दोनला गोदामातल्या सहकाऱ्याने विचारलं, सगळं ठीक आहे ना. मी सांगितलं, अजून कळलं नाही.

दोन वाजून सतरा मिनिटांनी टेबलावरचा फोन वाजला.

"अगं, तिथे समुद्र अगदी स्टेशनाला लागून आहे," आई म्हणाली. "बाकावर बसून पोळी खाल्ली. कोथिंबीर आणली आहे, महाग मिळाली. तू येताना दूध आण."

"कुठून बोलतेस?"

"कुठून म्हणजे?"

मी फोनच्या छोट्या पडद्यावर आलेला आकडा पाहिला. तो घरचा नंबर होता.